मोहफुलांवर निभावलेला उन्हाळा

2020 च्या मार्चअखेरीस टाळेबंदी लागली, तेव्हा गडचिरोली आणि चंद्रपूर जिल्ह्यांतील हजारो मजूर मिरची तोडण्यासाठी तेलंगणात गेलेले होते. धानाचा हंगाम आटोपला की तिकडे जायचे आणि पावसाळ्यापुरती रोकड गाठीला बांधून परतायचे, हा इथला दरवर्षीचा क्रम आहे. त्या वर्षी तो अर्ध्यावरच तुटला. वाहने बंद झाल्याने कित्येक जण जंगलवाटांनी पायीच गावी पोहोचले.

ते परतले तेव्हा मोह गळत होता. पहाटे झाडाखाली पडलेली पिवळसर, रसरशीत फुले टोपलीत वेचायची, अंगणात पसरायची आणि मनुक्यासारखी तांबूस होईपर्यंत वाळवायची, हे काम टाळेबंदीतही थांबले नाही. अडचण विक्रीची होती. आठवडी बाजार बंद असल्याने ज्यांना मीठ-तेलाची निकड होती, त्यांना गावातला दुकानदार देईल त्या भावाने फुले द्यावी लागली. ज्यांच्या घरी कोरडी जागा आणि थोडा दम होता, त्यांनी ती राखून ठेवली. (1993 पासून दारूबंदी असलेल्या गडचिरोली जिल्ह्यात मोहफुलाकडे नेहमी संशयानेच पाहिले जाते, ते इथले अन्नही आहे, हे बाहेरच्यांच्या सहसा लक्षात येत नाही.)

16 एप्रिलला केंद्राने आदिवासींना गौण वनउपज गोळा करण्याची मुभा दिली आणि मे महिन्याचा तेंदूपत्ता, म्हणजे विडीच्या पानांचा, हंगाम वाचला. सत्तर पानांचा एक पुडा, असे शेकडो पुडे बांधून संध्याकाळी फळीवर, म्हणजे पाने जमा करण्याच्या जागी, मोजून द्यायचे, ही मजुरी घरापासून हाकेच्या अंतरावर मिळते. धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा गावाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि त्यानंतर जिल्ह्यातील अनेक ग्रामसभा आपला तेंदू व बांबू स्वतः विकू लागल्या. अशा गावांत व्यवहाराचा निर्णय ग्रामसभेच्या हाती होता, आणि आमच्या मते त्या उन्हाळ्यात हाच फरक सर्वांत मोठा ठरला.

सरकारी मदतही आली. माणशी पाच किलो मोफत धान्य मिळाले, महिलांच्या जनधन खात्यांत तीन महिने पाचशे रुपये जमा झाले आणि राज्यातील रोहयोची मजुरी 206 रुपयांवरून 238 झाली. यांपैकी धान्य थेट घरात पोहोचले. खात्यातले पाचशे रुपये काढण्यासाठी मात्र, एसटी बंद असताना, दूरच्या बँकेपर्यंत सायकलने किंवा पायी जावे लागे. एवढे करून रांगेत अंगठा जुळला नाही, तर तो दिवस बुडाला.

मिरचीचा हंगाम आला की या गावांतून आजही माणसे तेलंगणात जातात. मोह गळायच्या आत परतायचे, असे सांगून निघतात.