ॲड्रिनल इन्सफिशियन्सी: ताप आला की गोळी वाढवायची, बंद नाही करायची

नमस्कार मंडळी. "स्टिरॉइड आहे ना ते? मग हळूहळू सोडून दे की!" ॲड्रिनल इन्सफिशियन्सी असलेल्या माणसाला लग्नकार्यात भेटणारी एखादी मावशी हे सांगतेच. प्रेमानं सांगते, पण ऐकलंत तर जिवावर बेतेल.

मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथी कॉर्टिसॉल बनवतात. ते कमी पडलं, म्हणजेच ॲड्रिनल इन्सफिशियन्सी झाली, तर रक्तदाब आणि साखर सावरत नाही. तुमची हायड्रोकॉर्टिसोनची गोळी, म्हणजे मावशी म्हणते ते स्टिरॉइड, तेवढीच तूट भरून काढते. मोठ्या माणसाला दिवसाला साधारण 15 ते 25 मिलिग्रॅम, दोन-तीन वेळांत विभागून, मोठा डोस सकाळी उठल्या उठल्या. आषाढीचा उपवास असला तरी गोळी चुकवायची नाही.

1855 मध्ये लंडनच्या थॉमस ॲडिसननं या आजाराचं वर्णन केलं, तेव्हा त्याच्या बऱ्याच रुग्णांच्या ग्रंथी टीबीनं खाल्लेल्या होत्या. आपल्याकडे टीबी आजही एक कारण आहे. त्यात गंमत बघा, टीबीवरचं रिफाम्पिसिन हायड्रोकॉर्टिसोनला शरीरातून लवकर संपवतं. म्हणून टीबीच्या गोळ्या सुरू करताना डॉक्टरांना आधी सांगा, डोस वाढवावा लागतो. दुसरं कारण, महिनोन्‌महिने घेतलेलं स्टिरॉइड एकदम थांबवणं. सांधेदुखीच्या काही 'आयुर्वेदिक' पुड्यांतही ते गुपचूप मिसळलेलं असतं.

ग्रंथीच खराब असेल तर मीठही लघवीतून निघून जातं. त्यासाठी फ्लुड्रोकॉर्टिसोन, म्हणजे मीठ शरीरात धरून ठेवणारं औषध असतं. आजोबांच्या बीपीमुळे घरात सगळंच अळणी शिजत असेल, तर तुमचं ताट वेगळं काढा.

आता मुद्द्याचं. निरोगी शरीर तापात कॉर्टिसॉल आपोआप वाढवतं, तुमचं वाढवू शकत नाही. म्हणून ताप असेपर्यंत डोस दुप्पट, ताप जास्त असेल तर तिप्पट. नेमका आकडा डॉक्टरांकडून आजच लिहून घ्या. दात काढायचा असेल तरी आधी विचारा.

आणि उलट्या सुरू झाल्या, गोळी पोटात राहीना, तर वाट बघायची नाही. कॉर्टिसॉल फारच कमी पडून जीव धोक्यात येतो, यालाच ॲड्रिनल क्रायसिस म्हणतात. हे बघा, माझ्या हातात 100 मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोनची बाटली आहे. आत पांढरी पावडर. सिरिंजनं यात इंजेक्शनचं पाणी सोडायचं, पावडर विरघळेपर्यंत फिरवायचं, सगळं ओढून घ्यायचं आणि मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मध्यावर, सरळ टोचायचं. मग थेट हॉस्पिटल. तिथे उलट्या, पोटदुखी, कमी बीपी बघून साधं गॅस्ट्रो समजलं जाऊ शकतं. म्हणून सोबतच्यानं पहिलंच वाक्य हे बोलायचं: "ॲड्रिनल क्रायसिस आहे, हायड्रोकॉर्टिसोन आणि सलाइन आधी लावा, रिपोर्टची वाट बघू नका." हेच वाक्य कार्डावर लिहून पाकिटात ठेवा.

बाटलीची एक्सपायरी उलटली तर नवी आणा, पण जुनी लगेच फेकू नका. घरातल्या दोघांना तरी ती संत्र्यात टोचून बघायला लावा.