बाटली किती वाजता बुडवली?

नमस्कार. अध्यक्षांनी ओळख करून देताना मला ‘समुद्रतज्ज्ञ’ म्हटलं, ते आधी दुरुस्त करते. मी प्रयोगशाळेतली रसायनवाली. सत्तावीस वर्षं मुंबईच्या किनाऱ्यावरचं पाणी बाटल्यांत भरलं, तपासलं, आकडे लिहिले. त्यातला निम्मा वेळ बाटल्या धुण्यात गेला आणि उरलेला त्यांच्यावर चिठ्ठ्या चिकटवण्यात. आज बोलणार आहे ते मुख्यतः त्या चिठ्ठीवर.

दर वर्षा-दोन वर्षांनी पेपरात बातमी येते, अमुक चौपाटीचं पाणी आंघोळीलाही अयोग्य. मग कुणीतरी अधिकारी सांगतो, आमच्या नमुन्यात तर पाणी ठीक आहे. वाचणारा म्हणतो, दोघांपैकी एक खोटं बोलतोय. बहुतेक वेळा दोघंही खरं बोलत असतात. फक्त बाटली किती वाजता बुडवली, हे दोघांनीही सांगितलेलं नसतं.

नोकरीच्या पहिल्या वर्षातली गोष्ट. माहीमच्या खाडीच्या तोंडाशी नमुना घ्यायचा होता. मिठी नदी विहार-पवईकडून जवळजवळ 18 किलोमीटर वाहत येते आणि शहराचं काय काय पोटात घेऊन इथं समुद्राला मिळते. आम्ही एका कोळ्याची होडी भाड्यानं घेतली होती. पाणी काठोकाठ भरलेलं, वारा छान. मी बाटल्या काढल्या तसा नाखवा म्हणाला, “बाय, आता घेतलंस ते समुद्राचं पानी. सुकती लागू दे, मग घे, म्हणजे तुझ्या शहराचं मिलंल.” सुकती म्हणजे ओहोटी. मी तेव्हा त्याच्याकडे दुर्लक्ष केलं. नमुना घेतला, घड्याळ बघितलं, परत निघाले. पण डोक्यात ते वाक्य राहिलंच. संध्याकाळी पुन्हा त्याच होडीत बसले आणि त्याच जागी दुसरी बाटली भरली.

पाण्यातला प्राणवायू मोजायची जी पद्धत आम्ही वापरत होतो ती हंगेरीच्या विंकलरनं 1888 साली दिली. बाटली भरून झाली की तिथल्या तिथं तिच्यात दोन द्रावणं सोडायची, मँगनीज सल्फेट आणि अल्कलीतलं आयोडाइड. लगेच साका तयार होतो. पाण्यात प्राणवायू असेल तर तो साका तपकिरी होतो, चहात दूध जरा कमी पडल्यासारखा. प्राणवायू नसेल तर पांढराच राहतो. नेमका आकडा पुढे प्रयोगशाळेत थायोसल्फेटनं काढायचा, पण अंदाज होडीतच येतो. सकाळच्या, भरतीच्या बाटलीत साका छान तपकिरी बसला होता. संध्याकाळच्या, ओहोटीच्या बाटलीत पांढराफेक. जागा एक, दिवस एक. मध्ये फक्त सहा तासांचा फरक. नाखव्यानं दोन्ही बाटल्यांकडे बघितलं आणि वल्हं उचललं. ‘मी सांगितलं होतं’ असं काही म्हणाला नाही, हे त्याचं मोठेपण.

आता भरती-ओहोटीचा हिशेब. किनाऱ्यावरच्या माणसांना तो तोंडपाठ असतो, बाकीच्यांसाठी सांगते. तिथीला तीननं गुणायचं आणि चारनं भागायचं, की भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमेला सव्वाअकराच्या पुढे. छापील तक्त्याशी अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण काम भागतं. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण, तेव्हा मुंबईत पाणी साडेचार-पाच मीटरपर्यंत चढतं आणि तितकंच खाली जातं. अष्टमी-नवमीला भांग, तेव्हा चढ-उतार जेमतेम.

यातून काय निघतं बघा. मुंबईत उधाणाची भरती येते दुपारी बारा-एकच्या सुमाराला, आणि मोठी ओहोटी सकाळी सहाच्या आणि संध्याकाळी सहाच्या आसपास. सरकारी गाडी कचेरीतून निघते दहाला, किनाऱ्यावर पोचते साडेअकराला. म्हणजे कुणाच्या मनात काही वाईट नसतानाही उधाणाच्या दिवसांतला नमुना भरतीच्याच पाण्याचा मिळतो. नाल्यांचं, खाडीचं पाणी खेचून बाहेर आणणारी ती मोठी ओहोटी कचेरी उघडण्याआधी येऊन जाते आणि बंद झाल्यावर परत येते. अष्टमीला ओहोटी दुपारी असते, पण तेव्हा पाणी उतरतंच थोडं. खाडीतली घाण खाडीतच हेलकावे खात राहते, चौपाटीपर्यंत येत नाही. तिथं नमुना घेऊन चौपाटीबद्दल बोलणंही तितकंच चुकीचं.

त्यात ऊन. सांडपाण्यातले जिवाणू खाऱ्या पाण्यात मरतात, आणि भर उन्हात फार लवकर मरतात. जी घट दिवसा दोन-चार तासांत होते तिला रात्री कितीतरी पट वेळ लागतो. म्हणजे दुपारी बाराचा नमुना दोन्ही बाजूंनी गोड, पाणी समुद्राचं आणि डोक्यावर सूर्य. पहाटे पोहायला जाणारी मंडळी मात्र दुसऱ्याच समुद्रात उतरतात.

जिवाणूंच्या बाटलीबद्दल एक गंमत सांगते. प्राणवायूच्या बाटलीत हवेचा एक बुडबुडाही राहता कामा नये. बूच तिरकं घालायचं, पाणी उतू जाऊ द्यायचं. जिवाणूंच्या बाटलीचं उलटं. ती निर्जंतुक करून आणलेली असते, विसळायची नाही, तोंड प्रवाहाकडे करून भरायची आणि वर थोडी हवा सोडायची, नंतर हलवता यावी म्हणून. नवीन मुलगा आला की पहिल्या महिन्यात दोन्हींची अदलाबदल करतोच. मग बाटली बर्फात, आणि सहा तासांच्या आत प्रयोगशाळेत. अंधेरीच्या ट्रॅफिकमध्ये ते सहा तास कसे जातात हे तुम्हाला सांगायला नको.

आम्ही शोधतो ते मलजन्य कोलिफॉर्म नावाचे जिवाणू. ते स्वतः बहुतेक वेळा आजार करत नाहीत. त्यांचं असणं म्हणजे विष्ठा पाण्यात आलीय याची खूण. नळ्यांच्या रांगेत पाणी घालतात, साडेचव्वेचाळीस अंशांवर ठेवतात आणि आतल्या छोट्या उलट्या नळीत वायूचा बुडबुडा जमला का ते बघतात. किती नळ्यांत बुडबुडा आला त्यावरून तक्त्यात आकडा शोधायचा. त्याला म्हणतात सर्वाधिक संभाव्य संख्या. ‘संभाव्य’ हा शब्द लक्षात ठेवा. खरी संख्या त्या आकड्याच्या तिसऱ्या हिश्शाइतकी असू शकते, तिपटीइतकीही असू शकते. त्यामुळे ‘गेल्या वर्षी 240, यंदा 200, सुधारणा’ असं कुणी सांगितलं तर मी गप्प बसते.

आपल्याकडे किनारी पाण्याचे पाच वर्ग आहेत. आंघोळ, पाण्यातले खेळ आणि व्यावसायिक मासेमारी यांसाठी दुसरा वर्ग. त्यात प्राणवायू लिटरला किमान 4 मिलिग्रॅम, जैविक प्राणवायू मागणी (पाण्यातली घाण कुजवताना जिवाणू जितका प्राणवायू खातात तो) 3 मिलिग्रॅमच्या आत आणि मलजन्य कोलिफॉर्म 100 मिलिलिटरला 100 च्या आत हवे. पावसाळ्यातल्या नमुन्यांचाही त्या नियमात वेगळा उल्लेख आहे, आणि तो करणाऱ्याला मी मनोमन नमस्कार करते. कारण 1 जून ते 31 जुलै आपल्या किनाऱ्यावर मासेमारी बंद, होड्या वर ओढलेल्या, समुद्र खवळलेला. होडीतून नमुना मिळणार कसा? आणि वर्षभर नाल्यांत साचलेलं सगळं पहिल्या मोठ्या पावसात एकदम खाली येतं, ते याच दिवसांत. तक्त्यात नेमके तेच रकाने रिकामे.

मुंबईनं काही केलंच नाही असं मात्र नाही. वरळी आणि वांद्र्याला समुद्रात साडेतीन किलोमीटरच्या आसपास लांबीचे बोगदे आहेत, वरळीचा 3.4, वांद्र्याचा 3.7. सांडपाणी गोडं, म्हणून हलकं. खोल पाण्यात बोगद्याच्या अनेक तोंडांतून सोडलं की वर येता येता त्यात समुद्राचं पाणी मिसळतं आणि ते विरळ होतं. पण बोगद्यात जातं ते गटाराच्या जाळ्यात आलेलं पाणी. जे जाळ्यात आलंच नाही ते नाल्यानं सरळ चौपाटीवर येतं. आता सात ठिकाणी मिळून दिवसाला 2,464 दशलक्ष लिटर क्षमतेची शुद्धीकरण केंद्रं व्हायची आहेत, एकट्या वरळीला 500. चांगलंच आहे. पण केंद्राच्या तोंडाशी मीटर लावून पाणी स्वच्छ ठरवलं आणि शेजारचा नाला तसाच राहिला, तर माझ्या त्या पांढऱ्या साक्याला काहीच फरक पडणार नाही.

आणि सगळं खापर सांडपाण्यावरही फोडू नका. पावसाळ्याच्या शेवटी आपल्या पश्चिम किनाऱ्याला खालचं, प्राणवायू कमी असलेलं पाणी आपसूक वर सरकतं. गोव्यात कांदोळीच्या समोर राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेची माणसं 1997 पासून एकाच जागी परत परत जाऊन मोजतायत. तितकी चिकाटी असेल तरच सांगता येतं की सप्टेंबरातली घट निसर्गाची किती आणि आपली किती.

माझं एक जुनं दुखणं आहे, सांगून टाकते. एका अहवालासाठी आम्ही वर्षभर प्रत्येक नमुन्याबरोबर तिथी, वेळ, भरतीची उंची, आधीच्या दोन दिवसांतला पाऊस असं सगळं लिहिलं होतं. छापून आलं तेव्हा फक्त वार्षिक सरासरी. विचारलं तर उत्तर आलं, पानावर रकाने मावत नव्हते. भरती आणि ओहोटीची सरासरी म्हणजे सकाळी ताप आणि रात्री थंडी वाजलेल्या माणसाला ‘सरासरी बरा’ म्हणण्यासारखं झालं.

म्हणून उतारवयात माझा ओढा पाण्याकडून चिखलाकडे वळला. पाणी दर सहा तासांनी बदलतं, चिखल बदलत नाही. विष्ठेतून येणारं कोप्रोस्टॅनॉल नावाचं एक स्टेरॉल प्राणवायू नसलेल्या गाळात वर्षानुवर्षं टिकतं. चिखलात कुठले किडे राहतात तेही बोलकं असतं. फक्त घाणीत तग धरणारे बारीक लाल किडेच सापडले, तर वेळ-तिथी विचारायचीही गरज उरत नाही. आणि तिसऱ्या (म्हणजे खाण्याच्या शिंपल्या), कालवं ही तर फुकटची नमुना यंत्रं. दिवसभर पाणी गाळत बसतात, त्यातलं बरंचसं अंगात साठवतात.

हो, तो प्रश्न येणार हे मला माहीत होतं. मागच्या ओळीतल्या काकूंनी विचारलंय की मग तिसऱ्या खायच्या की नाही. चांगल्या शिजवल्या तर जिवाणू मरतात, पण जड धातू शिजवून जात नाहीत. आमच्या घरी येतात तिसऱ्या. कोळणीला मी भाव नंतर विचारते. आधी विचारते, खाडीच्या कुठल्या अंगाच्या. ती सांगते, आणि कधी कधी स्वतःहूनच म्हणते, “बाय, आज नको नेऊ.”