खोडलेला परिच्छेद
(लघु माहितीपटाचं निवेदन)

(दृश्य: ठाणे, चरई. दुरुस्तीच्या दुकानातला पिक्चर ट्यूबचा जुना टीव्ही. पडद्यावर मुंग्या.)

केबल येण्याआधी या मुंग्या घराघरांत दिसायच्या. एक जण गच्चीवर अँटिना फिरवायचा, दुसरा खिडकीतून ओरडायचा, 'आलं, आलं... गेलं!' चित्र गेलं की पडद्यावर हेच.

यातले बहुतेक ठिपके आपल्याच आसपासचे. विजेची उपकरणं, वातावरण, टीव्हीचं स्वतःचं सर्किट. पण साधारण शंभरात एक ठिपका फार लांबून आलेला आहे. विश्व जेमतेम ३ लाख ८० हजार वर्षांचं होतं तेव्हा हा प्रकाश सुटला. जवळजवळ १,३८० कोटी वर्षं तो प्रवास करतोय. वाटेत विश्व पसरत गेलं, त्याबरोबर तोही ताणला गेला, आणि आता तो मायक्रोवेव्हच्या रूपात पोचतो. चरईतल्या या दुकानातही.

(दृश्य: चर्चचा हॉल. भिंतीवर रंगवलेली ओळ: 'आकाश देवाचा महिमा वर्णिते'. तोच टीव्ही स्टेजवर ठेवला जातो.)

टीव्ही इथे आणला भौतिकशास्त्राच्या एका निवृत्त शिक्षकांनी. हॉल ठाण्यातल्या एका चर्चचा, कार्यक्रम तरुणांच्या गटाचा, आणि निमित्त एक व्हॉट्सअॅप फॉरवर्ड. विश्वाला सुरुवात होती हे शास्त्रज्ञांनी मान्य केलंय, बायबलचं पहिलंच वचन 'प्रारंभी' असं सुरू होतं, म्हणजे विज्ञानाने देव सिद्ध केला, असं त्यात होतं. खाली हात जोडलेले इमोजी आणि 'दहा जणांना पाठवा'.

सरांनी तो फॉरवर्ड मोठ्याने वाचून दाखवला. मग एवढंच म्हणाले, "ज्या माणसाने विश्वाची सुरुवात मांडली, तो स्वतः फादर होता. त्याने हा फॉरवर्ड पाठवला नसता."

(दृश्य: पडद्यावर जुना कृष्णधवल फोटो. काळा झगा, पांढरी कॉलर, शेजारी आइन्स्टाइन.)

हा फोटो कॅलिफोर्नियातला, १९३३ सालचा. आइन्स्टाइनशेजारी उभे आहेत फादर जॉर्ज लेमेत्र. बेल्जियमचे. जन्म १८९४. पहिल्या महायुद्धात तोफखान्यात होते. युद्धानंतर गणित आणि भौतिकशास्त्र शिकता शिकता सेमिनरीत गेले आणि १९२३ साली त्यांना धर्मगुरुपदाची दीक्षा मिळाली. त्याच वर्षी ते केंब्रिजला खगोलशास्त्रज्ञ एडिंग्टन यांच्याकडे शिकायला गेले, मग अमेरिकेत. सकाळी मिस्सा (चर्चमधली उपासना) आणि नंतर सापेक्षतेची समीकरणं, हे त्यांनी आयुष्यभर केलं. या दोहोंत कधी भांडण लागलं, असं त्यांच्या लिखाणात दिसत नाही.

१९२७ साली त्यांनी एक निबंध लिहिला. विश्व प्रसरण पावतंय, दूरच्या दीर्घिका (गॅलेक्सी) आपल्यापासून लांब जातायत आणि जितकी लांबची दीर्घिका तितका तिचा वेग जास्त, असं त्यात होतं. निबंध फ्रेंचमध्ये, ब्रसेल्सच्या एका नियतकालिकात. फारसा कुणी वाचला नाही. आइन्स्टाइननी वाचला. गणित बरोबर आहे, भौतिकशास्त्र भयानक आहे, असा त्यांचा शेरा होता असं सांगतात. दोन वर्षांनी, १९२९ साली, अमेरिकेत एडविन हबल यांची निरीक्षणं प्रसिद्ध झाली आणि शोध हबल यांच्या नावावर गेला. त्या नियमाला 'हबल–लेमेत्र नियम' म्हणावं, हे खगोलशास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने मतदान घेऊन ठरवलं, तेव्हा साल उजाडलं होतं २०१८.

(दृश्य: टाइप केलेल्या जुन्या कागदाचं रेखाटन. शेवटच्या काही ओळींवर काट मारली जाते.)

पुढचं पाऊल १९३१ चं. विश्व पसरत असेल तर मागे मागे जात ते एका क्षणी अतिशय लहान आणि दाट असणार. लेमेत्र यांनी त्याला आद्य अणू म्हटलं. 'नेचर' या नियतकालिकाला त्यांनी छोटंसं पत्र धाडलं. ९ मे १९३१ च्या अंकात ते छापून आलं. महास्फोटाच्या, म्हणजे 'बिग बँग'च्या, कल्पनेची सुरुवात इथून धरतात.

त्या पत्राच्या टाइप केलेल्या मसुद्यात शेवटी एक परिच्छेद होता. त्याचा आशय असा: जो परमेश्वराला मानतो, तो हेही मानतो की परमेश्वर मुळात लपलेला आहे. निर्मितीवर पडदा कसा टाकला गेलाय हे आजचं भौतिकशास्त्र दाखवतंय, याचा त्याला आनंदच व्हावा.

छापण्याआधी लेमेत्र यांनी हा परिच्छेद खोडला.

आमच्या मते या सगळ्या विषयातली सर्वांत मोलाची गोष्ट हा खोडलेला परिच्छेद आहे. त्यात काय लिहिलं होतं हेही पाहा. विज्ञानाने देव उघडा पाडला, असा दावा तिथे नव्हता. देव झाकलेलाच राहतो, असं ते म्हणत होते. आणि तेवढंसुद्धा विज्ञानाच्या नियतकालिकात नको, असं त्यांना वाटलं.

(दृश्य: सोसायटीच्या खिडक्या, जाळ्या, जाळीवर बसलेली कबुतरं. मग शिंगाच्या आकाराच्या प्रचंड अँटिनाचा फोटो.)

कबुतरांचा त्रास ठाणेकरांना वेगळा सांगायला नको. १९६४ साली अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या होल्मडेल इथे, रेडिओ खगोलशास्त्रज्ञ आर्नो पेन्झियस आणि रॉबर्ट विल्सन यांनाही तो झाला. हातात हा वीस फुटी अँटिना. कुठेही वळवा, दिवसा ऐका, रात्री ऐका, तीच खरखर. न्यूयॉर्क शहराचा गोंगाट म्हणावा, तर तिकडून तोंड फिरवलं तरी तेवढीच. अँटिनात कबुतरांनी घरटं केलं होतं. विष्ठा खरवडून काढली. पक्षी पकडून लांब नेऊन सोडले, ते परत आले. (हॉलमध्ये इथे सगळ्यात मोठा हशा झाला.) कबुतरं गेली, अँटिना चकचकीत झाला, खरखर होती तेवढीच.

ही खरखर म्हणजे सुरुवातीच्या तप्त विश्वाची उरलेली ऊब. आज तिचं तापमान निरपेक्ष शून्याच्या, म्हणजे शक्य तितक्या सर्वांत कमी तापमानाच्या, वर फक्त २.७ अंश. १९६५ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले, १९७८ साली दोघांना नोबेल. निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा लेमेत्र आजारी होते. जून १९६६ मध्ये ते वारले. जाण्याआधी ही बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती.

(दृश्य: हॉल. या चर्चचे फादर स्टूल ओढून मुलांच्या रांगेत बसतात.)

आता जरा मागे, १९५१ मध्ये. २२ नोव्हेंबरला पोप बारावे पायस यांनी पोपच्या विज्ञान अकादमीसमोर भाषण केलं. आधुनिक विज्ञान निर्मितीच्या क्षणाची जणू साक्ष देतंय, असा त्याचा सूर होता. फॉरवर्ड लिहिणाऱ्याला आवडलं असतं असं भाषण. लेमेत्र अस्वस्थ झाले. आपला सिद्धांत अजून कच्चा आहे, उद्या मोडूही शकतो, आणि श्रद्धेचा खांब त्यावर रोवायला ते तयार नव्हते. त्यांनी पोपच्या विज्ञान सल्लागारांपर्यंत आपलं म्हणणं पोचवलं. पुढच्या वर्षी रोममध्ये खगोलशास्त्रज्ञांसमोर पोपनी पुन्हा भाषण केलं, तेव्हा तो दावा त्यात नव्हता.

हॉलमधल्या एका मुलाने फादरांना सरळ विचारलं, "फादर, उद्या कुणी सिद्ध केलं की विश्वाला सुरुवातच नव्हती, तर?"

फादर म्हणाले, "तर रविवारची मिस्सा ठरलेल्या वेळेला होईल."

हे हसून सोडून देण्यासारखं उत्तर नाही, तेराव्या शतकातलं आहे. ख्रिस्ती तत्त्वज्ञ संत थॉमस अक्वायनस यांनी तेव्हाच लिहून ठेवलं की जगाला सुरुवात होती हे निव्वळ तर्काने सिद्ध करता येत नाही, ते श्रद्धेने मानायचं. जग अनादि असतं तरीही ते देवाच्या आधारानेच टिकून राहिलं असतं. निर्मिती म्हणजे पहिल्या क्षणी मारलेली कळ नव्हे, असा त्याचा अर्थ.

हे आपल्याकडे विशेष लक्षात ठेवायला हवं, कारण महास्फोटाशी आयुष्यभर वाद घालणारा एक मोठा माणूस मराठी होता. जयंत नारळीकर. कोल्हापुरात जन्म, केंब्रिजमध्ये खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांचे शिष्य. 'बिग बँग' हे नाव हॉइल यांनीच १९४९ साली रेडिओवर बोलताना दिलं, आणि त्यांना तो सिद्धांत मान्य नव्हता. विश्वाला आरंभाचा एकच क्षण नाही, ही बाजू गुरुशिष्यांनी शेवटपर्यंत लढवली. पुरावा बहुसंख्यांना दुसऱ्या बाजूला दिसला. नारळीकर बरोबर ठरले असते, तरी अक्वायनसचं काही बिघडलं नसतं. मग ते चुकले म्हणून ख्रिस्ती माणसाने पेढे का वाटावेत?

(दृश्य: येऊर. अंगणात दुर्बीण. खाली घोडबंदर रोडच्या टॉवरांचे दिवे. मुलं ओळीने डोळा लावतात.)

डिसेंबरातली संध्याकाळ. ठाण्याजवळच्या येऊरला अंधार आता नावापुरता उरलाय, तरी दुर्बिणीतून देवयानी दीर्घिका दिसते. एक धुरकट डाग. अंतर २५ लाख प्रकाशवर्षं. दूरच्या दीर्घिका लांब जातायत असं मघाशी म्हटलं, पण ही नेमकी आपल्याकडे येतेय. एवढ्या जवळ गुरुत्वाकर्षण प्रसरणाला भारी पडतं.

इथे सरांनी मुलांना दुसरी गोष्ट सांगितली, आणि श्रद्धावंत माणसाने थांबावं अशी जागा असलीच तर ती आमच्या मते इथे आहे.

आपल्या शरीरातला कार्बन ताऱ्यांच्या पोटात तयार झाला. हेलियमची तीन अणुकेंद्रकं एकत्र आली की कार्बन होतो. पण साध्या हिशोबाने ही भेट इतकी दुर्मीळ, की विश्वात कार्बन जवळजवळ नसायलाच हवा. १९५३ साली हॉइल यांनी उलटा विचार केला. कार्बन आहे, आपण आहोत, म्हणजे कार्बनच्या अणुकेंद्रकात ऊर्जेची एक विशिष्ट पातळी असलीच पाहिजे, जिच्यामुळे ही भेट जुळते. कॅलिफोर्नियातल्या प्रयोगशाळेत जाऊन त्यांनी ती शोधायला सांगितलं. तिथल्या लोकांना हा गृहस्थ विक्षिप्त वाटला. पण पातळी सापडली, सुमारे ७.६५ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेला, सांगितली तिथेच. देवाधर्माशी संबंध न ठेवणाऱ्या हॉइल यांनी पुढे लिहिलं की कुणा अतिबुद्धिमानाने भौतिकशास्त्राशी चाळे केलेत असं वाटतं.

याला उत्तर आहे. विश्वं अनेक असतील, प्रत्येकात नियम वेगळे असतील, तर कुठेतरी आपल्याला जगता येईल असे निघणारच, आणि प्रश्न विचारायला आपण तिथेच असणार. भौतिकशास्त्रज्ञ स्टीव्हन वाइनबर्ग यांनी १९८७ साली या वळणाचा युक्तिवाद वापरून विश्वाच्या प्रसरणाशी निगडित एका स्थिरांकाची मर्यादा आधीच वर्तवली. पुढे निरीक्षणांतून मिळालेली किंमत त्या मर्यादेत बसली. म्हणजे हेही हवेतलं उत्तर नाही. मात्र ती इतर विश्वं आजवर कुणाच्या दुर्बिणीत आलेली नाहीत. देवही आलेला नाही, हे तिथल्या एका मुलीने लगेच ऐकवलं.

(दृश्य: तलावपाळी. मासुंदा तलाव, बोटी. एका बाजूला कौपिनेश्वर मंदिर, मग सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्च.)

ठाणेकरांना हे दृश्य पाठ आहे. एकाच तलावाच्या आसपास कौपिनेश्वराचं देऊळ आणि पोर्तुगीज काळात पाया घातलेलं चर्च. फॉरवर्डवाल्यांनी इथे एक चक्कर मारावी. विश्वाला कारण हवं, एवढंच विज्ञानातून काढायचं असेल तर त्याचा फायदा देवळालाही तितकाच. मशिदीला तर थोडा जास्त, कारण 'ज्याला आरंभ आहे त्याला कारण आहे' हा युक्तिवाद इस्लामी विचारवंत अल-गझाली यांनी अकराव्या शतकात मांडला होता. आणि ऋग्वेदाचं नासदीय सूक्त सृष्टी कुठून आली हे विचारत विचारत असं म्हणतं, की वरून पाहणारा कदाचित जाणत असेल, कदाचित त्यालाही ठाऊक नसेल.

ख्रिस्ती श्रद्धा नुसत्या आदिकारणावर उभी नाही. नाझरेथचा येशू क्रुसावर मेला आणि तिसऱ्या दिवशी उठला, हा तिचा दावा आहे. कुठलाही अँटिना त्यापर्यंत पोचत नाही. होल्मडेलची खरखर फार तर एवढं सुचवते, की विश्व समजून घेण्याजोगं आहे, त्याला इतिहास आहे, आणि ते असंच असायला हवं होतं अशी सक्ती दिसत नाही. विश्वास ठेवणाऱ्याला त्यातून बळ मिळतं, हे आम्ही नाकारणार नाही. आम्हाला मिळतं. न मानणाऱ्याने त्याच आकड्यांपुढे खांदे उडवले, तर तो काही चुकतोय असं सिद्ध करता येत नाही.

(दृश्य: हॉल. खुर्च्या आवरल्या जातायत. मागच्या रांगेतल्या बाई अजून उभ्या.)

उत्क्रांतीचं राहिलं. आनुवंशिकतेचे नियम वाटाण्यांवरून १८६५ साली मांडणारा ग्रेगोर मेंडेल मठातला साधू होता. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९६ साली सांगितलं की उत्क्रांती आता निव्वळ गृहीतक राहिलेली नाही. डार्विनवर वेगळी संध्याकाळ ठेवायचं ठरलंय.

शेवटचा प्रश्न एका नर्सबाईंचा. त्या मुलांच्या कर्करोगाच्या वॉर्डात काम करतात. म्हणाल्या, कार्बनची पातळी इतकी नेमकी जुळवली असेल, तर पेशीतली ही गडबडही त्याच जुळवणीतली का? फादरांनी उत्तर द्यायला सुरुवात केली, पण साडेआठला हॉल कॉयरच्या (गायकवृंदाच्या) सरावासाठी द्यायचा होता. दोघांचं बोलणं बाहेर पायऱ्यांवर बराच वेळ चाललं. कॅमेरा तेव्हा आत होता.