माटोळीतलं हृद्य

[दृश्य: चवथीची पहाट. गणपतीच्या डोक्यावर बांधलेली माटोळी.]

गोव्यात चवथीला गणपतीच्या वर माटोळी बांधतात. लाकडी चौकट आणि तिला सुंभानं लटकवलेली रानातली, परसातली फळं: नारळ, सुपारीचा घड, आंबाडे, डाळिंब. आणि मधोमध हे म्हाळुंग. पिवळं, खडबडीत, नुसतं नख लावलं तरी वास हातावर संध्याकाळपर्यंत राहतो.

चरकसंहिता या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात हृदयाला हितकर अशा दहा द्रव्यांचा एक गट दिला आहे. नाव आहे ‘हृद्य’. त्यातली नावं वाचली, तर गोव्याच्या माणसाला आपल्याच घराची ओळख पटेल. आंबा. आंबाडा. लकुच, ज्याला वैद्य ओटंब मानतात. करवंद. वृक्षाम्ल, म्हणजे आपलं भिरंड, कोकम. अम्लवेतस, दोन जातींची बोरं, डाळिंब आणि मातुलुंग, म्हणजे हेच म्हाळुंग.

बहुतेक सगळी आंबट! याचं मला फार अप्रूप वाटतं. हृद्य म्हणजे हृदयाला बरं आणि हृद्य म्हणजे मनाला भावणारंही. आजसुद्धा आपण ‘हृद्य सत्कार’ म्हणतो ना, तोच हा शब्द. जेवणावरची वासना उडालेल्या माणसाच्या तोंडाला ज्यानं चव येते, ते हृद्य.

[दृश्य: मे महिना. कुळागरातलं, म्हणजे नारळ-सुपारीच्या बागेतलं खळं. वाळत घातलेली सोलं, म्हणजे भिरंडाच्या साली.]

भिरंड फोडायचं, बिया आणि गर काढायचा, साल उन्हात टाकायची. मग त्याच फळाच्या रसात ती बुडवायची आणि पुन्हा उन्हात. असं चार-पाच दिवस. लाल साल काळीभोर होते, बोटांना चिकटते. पावसाचं शिंतोडं आलं की घरातलं पोरसोर सूप घेऊन धावतं. वर्षभराच्या सोलकढीची बेगमी असते ती.

पण ही झाली रोजच्या ताटातली गोष्ट. आजारी हृदयाचं झाड दुसरंच आहे, आणि चरकाच्या त्या दहांत ते नाही.

[दृश्य: नदीकाठ. अर्जुनाचं उंच खोड, त्यावर फिरणारा हात.]

हा अर्जुन. ओढ्याच्या, नदीच्या काठाला रमणारा. साल गुळगुळीत, राखी, पातळ पापुद्रे सुटणारी, आतून गुलाबीसर. आता हे शेजारचं झाड बघा. साल काळपट, मगरीच्या पाठीसारखी चौकोनी भेगाळलेली. ही माट्टी. दोघं एकाच कुळातले, सख्खे भाऊ म्हणा. दोघांच्याही फळाला पाच पंख. वाळलेल्या सालीचे तुकडे बाजारात मिसळले तर नवख्याला ओळखू येणार नाहीत, म्हणून जाणते लोक उभ्या झाडाकडे बोट दाखवतात.

अकराव्या शतकात बंगालमध्ये चक्रपाणिदत्त होऊन गेले. चरकसंहितेवर भाष्य लिहिणारे तेच. त्यांच्या ‘चक्रदत्त’ ग्रंथात हृद्रोगासाठी अर्जुनाच्या सालीनं सिद्ध केलेलं दूध सांगितलं आहे. त्याला क्षीरपाक म्हणतात. शास्त्रातलं नेहमीचं माप असं: एक भाग औषध, आठ भाग दूध, बत्तीस भाग पाणी. मंद आचेवर पाणी आटून फक्त दूध उरेपर्यंत ठेवायचं. तुरट साल दुधात मवाळ होते. आधुनिक काळात लहान-लहान चाचण्या झाल्या, काहींत छातीच्या दुखण्यात आराम दिसला. मोठ्या, भक्कम चाचण्या मात्र कमीच आहेत.

सर्पगंधा या दुसऱ्या औषधी झुडपाची वाट याहून लांब गेली. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली ब्रिटनच्या हृदयविषयक नियतकालिकात या मुळीचा उच्च रक्तदाबावरचा अनुभव मांडला. १९५२ साली तिच्यातून रिसर्पिन हे औषधी द्रव्य वेगळं काढलं गेलं आणि जग तिच्यामागे लागलं. मूळच हवं म्हटल्यावर झाड उरत नाही.

[दृश्य: अंगणातली पिवळी कण्हेर. फुलं वेचणारी परडी.]

आणि ही पिवळी कण्हेर. रोज देवाला वाहतो. हिच्या बियांत जी द्रव्यं आहेत ती हृदयावरच काम करतात. १७८५ साली विल्यम विदरिंग या इंग्रज डॉक्टरानं डिजिटॅलिस या हृदयाच्या औषधी झाडाच्या पानांवर पुस्तक लिहिलं, त्या पानांतल्या द्रव्यांच्याच जातीची ही द्रव्यं. औषध आणि विष यांत अंतर इतकं कमी, की कण्हेरीची बी घरी उगाळून कुणाला देणं म्हणजे त्याचा जीव धोक्यात घालणं. मुलांना हे झाड दाखवून ठेवा.

[दृश्य: रात्र. घराची ओसरी, बंद दार.]

हे सगळं सांगायला मला एक कारण आहे. माझ्या काकांना एका रात्री छातीत जड झालं, डावा हात भरून आला. पित्त असेल, असं आम्हीच म्हटलं. सोलांचं पाणी दिलं, पाठ चोळली. दोन तास गेले. मग कुणाच्या तरी लक्षात आलं आणि १०८ ला फोन केला. काका वाचले, हृदयाचा थोडा भाग मात्र गेला. त्या दोन तासांचा दोष सोलांचा नव्हता, आमचा होता.

आता त्यांच्या ताटाशेजारी गोळ्यांची डबी असते. अर्जुनाची साल घ्यायची का, हे त्यांनी आधी आपल्या डॉक्टरांना विचारलं, कारण चालू गोळ्यांबरोबर तिचा मेळ बसतो का ते पाहावं लागतं. डॉक्टर नको म्हणाले, काकांनी ऐकलं.

कढी मात्र सोडलेली नाही. मीठ कमी, एवढंच. आधी गोळी, मग वाटी तोंडाला लावतात, आणि वाटी खाली ठेवून म्हणतात, “अजून थोडी वाढ.”