‘इज नॉट बीन’ खोडा! इंग्रजी अर्जात ‘नॉट’ नेमका कुठे बसतो?

[टेबलावर कोरा कागद आणि पेन. बोलणं थेट कॅमेऱ्याकडे.]

राम राम मंडळी. रावेरकडचा केळीच्या विम्याचा दावा असो, नाहीतर चोपड्याकडचा कापसाचा अडकलेला चुकारा. कंपनीला इंग्रजीत ईमेल करायची वेळ आली की एक वाक्य हमखास उतरतं: ‘द अमाउंट इज नॉट बीन क्रेडिटेड.’ रक्कम जमा झालेली नाही, असं सांगायचं असतं. वाचणारा अंदाजाने समजून घेतो, पण ही रचना इंग्रजीत नाहीच. आज कर्मणी प्रयोगातला नकार नीट लिहायला शिकू.

मराठीत ‘नाही’, अहिराणीत ‘नही’, दोन्हीकडे नकार वाक्याच्या शेवटाला येतो. इंग्रजीत तो पहिल्या साहाय्यक क्रियापदाला चिकटतो. पुढे साहाय्यकं कितीही असोत, जागा तीच.

[कागदावर लिहीत] ‘शुड नॉट हॅव बीन डिडक्टेड.’ म्हणजे कापायला नको होती. शुड, हॅव, बीन अशी तीन साहाय्यकं आहेत आणि ‘नॉट’ शुडच्या लगेच मागे आहे.

आता ‘इज नॉट बीन’ कुठून येतं? ‘बीन’ आणि ‘बीइंग’ कानाला जवळजवळ सारखे लागतात, म्हणून दोन रचनांची सरमिसळ होते. यावर एकच तपासणी पुरते. ‘बीन’ला आधी हॅज, हॅव किंवा हॅड लागतं. ‘बीइंग’ला अ‍ॅम, इज, आर, वॉज, वेअर यांपैकी एक लागतं. आणि कॅन, विल, शुड, मस्ट यांच्या लगेच पुढे नुसतं ‘बी’ येतं: ‘विल नॉट बी अ‍ॅक्सेप्टेड’, ‘कॅनॉट बी रिफंडेड’. ‘कॅनॉट’ एकाच शब्दात लिहायचं, मध्ये जागा नाही.

रचना जमली, तरी काळ चुकला की अर्जाचा जोर जातो. ‘द अमाउंट वॉज नॉट क्रेडिटेड इन जून’ म्हणजे जूनमध्ये जमा झाली नाही. नंतर झाली का, हे त्यातून कळत नाही. ‘द अमाउंट हॅज नॉट बीन क्रेडिटेड सो फार’ म्हणजे आजपर्यंत झालेली नाही, देणं अजून बाकी आहे. थकलेल्या पैशांसाठी दुसरंच हवं. ‘इज नॉट बीइंग’ सध्या चालू असलेल्या अडचणीसाठी, जसं ‘वॉटर इज नॉट बीइंग सप्लाइड’. आणि नुसतं ‘आर नॉट’ नियमासाठी: ‘चेक्स आर नॉट अ‍ॅक्सेप्टेड’, चेक घेतले जात नाहीत.

शेवटचं क्रियापद कायम तिसऱ्या रूपात. इथे सगळ्यात जास्त फसतं ते ‘सेंड’. ‘हॅज नॉट बीन’च्या पुढे ‘सेंट’ येतं, शेवटी ‘टी’. पेरणीचं ‘सो’ असेल तर ‘सोन’. ‘पुट’ आणि ‘कट’ मात्र बदलत नाहीत.

‘डझ नॉट पेड’, ‘डिड नॉट पेड’ हेही सर्रास दिसतं. लिखित इंग्रजीतल्या कर्मणी विधानांत डू, डझ, डिड यांना जागाच नाही. ‘डिड नॉट’ लिहायचंच असेल तर कर्ता पुढे आणा आणि क्रियापद मूळ रूपात ठेवा: ‘द कंपनी डिड नॉट पे.’

आणखी एक चूक थेट मराठीतून येते. ‘बस आली नाही’ हे ‘द बस वॉज नॉट अरायव्हड’ होत नाही. येणं, घडणं, पोचणं ही कुणी कुणाला करत नाही, म्हणून अरायव्ह, हॅपन, ऑकर यांचा कर्मणी प्रयोग होत नाही. ‘द बस डिड नॉट अराइव्ह’ म्हणा. त्याच कारणाने ‘पेमेंट हॅज नॉट बीन हॅपन्ड’ चूक, ‘हॅज नॉट बीन मेड’ बरोबर.

[पेन खाली ठेवून] आता जिथे व्याकरण बरोबर असूनही घोटाळा होतो तिथे येऊ.

‘द पंचनामा वॉज नॉट डन बाय द तलाठी.’ वाचणारा विचारू शकतो, मग कुणी केला? ‘बाय’ लावलं की नकार त्या माणसावर सरकतो. पंचनामा झालाच नसेल तर ‘बाय’सकट शेपूट काढा.

‘ऑल फार्मर्स हॅव नॉट बीन पेड.’ कुणालाच मिळाले नाहीत, की काहींचे राहिले? दोन्ही अर्थ निघतात. कुणालाच नसतील तर ‘नो फार्मर हॅज बीन पेड’, काहींचे राहिले असतील तर ‘नॉट ऑल फार्मर्स हॅव बीन पेड’. तक्रारीत हा फरक फार मोठा आहे.

‘बिकॉज’ तर त्याहून घातक. ‘द क्लेम वॉज नॉट रिजेक्टेड बिकॉज द सातबारा वॉज ओल्ड.’ दावा फेटाळला, पण कारण वेगळं? की दावा फेटाळलाच नाही, आणि त्याचं कारण जुना सातबारा? अशा वेळी दोन वाक्यं करा.

वाचतानाही सावध राहा. फवारणीच्या औषधाच्या माहितीपत्रकात ‘मस्ट नॉट बी मिक्स्ड’ असेल तर मिसळू नये, सक्त मनाई. ‘नीड नॉट बी मिक्स्ड’ म्हणजे मिसळायची गरज नाही, मिसळलं तर चालतं. दोन्हींत ‘नॉट’ आहे म्हणून एकच समजलात, तर पंपातलं मिश्रण वाया जाईल आणि पिकालाही झळ बसेल. ‘नॉट टू बी यूज्ड आफ्टर’ आणि पुढे तारीख असेल, तर त्या तारखेनंतर वापरू नये. तिथे साहाय्यक गाळलेलं असतं, पाटीवर ते चालतं. अर्जात पूर्ण वाक्य लिहा, आणि ‘हॅजंट’ असं जोडून न लिहिता ‘हॅज नॉट’ सुटं लिहा.

[पुन्हा पेन उचलून, तीन ओळी लिहीत]

‘द क्लेम वॉज रजिस्टर्ड ऑन 12 जून. द अमाउंट हॅज नॉट बीन क्रेडिटेड सो फार. नो रीझन हॅज बीन गिव्हन.’

तिसऱ्या वाक्यात ‘नॉट’ नाही, कारण नकाराचं काम ‘नो’ने आधीच केलंय. तिथे ‘नॉट’ घातलात तर अर्थ उलटा होईल: एकही कारण द्यायचं शिल्लक ठेवलं नाही, सगळी दिली. तारीख तुमची घाला, बाकी शब्द तसेच राहू द्या.