वरामावरची उशी

नमस्कार श्रोतेहो. सात वर्षं मला धड झोप नव्हती, तिथपासून सांगतो. कारण ऐकाल तर हसाल. राजवाड्यामागच्या गल्लीतलं वडिलांचं घर, दोन खोल्या आणि वर माळा. त्याच्या वाटणीवरून मी आणि दादा भांडलो, आणि एकाच इंदुरात राहून बोलेनासे झालो. दर रविवारी मी उपासनेला जायचो. पाळकसाहेब म्हणायचे, डोळे मिटा, प्रभूची शांती अनुभवा. मी मिटायचो. मिटल्या डोळ्यांपुढे दादाच यायचा, हातात घरपट्टीची पावती घेऊन.

शांती म्हणजे मन निवांत होणं, एवढंच मी धरून चाललो होतो. त्यासाठी पहाटे उठून पाहिलं, उपास केले, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवला. एकटं बसून जे मिळायचं ते पोह्यांच्या वेळेपर्यंत पुरायचं.

मार्कच्या शुभवर्तमानात वादळाची गोष्ट आहे. नावेत पाणी भरतंय, शिष्य ओरडतायत, आणि येशू वरामावर, म्हणजे नावेच्या मागल्या भागात, उशी घेऊन झोपलेला. लहानपणापासून मला त्या उशीचं नवल. लाटा त्याच, नाव तीच, झोप मात्र एकालाच. पण हेवा करून झोप येत नाही.

मग एकदा डोंगरावरच्या प्रवचनातलं एक वाक्य टोचलं. हेच ते प्रवचन, जे 1893 मध्ये राजनांदगावला जाताना आगगाडीत मिळालेल्या नव्या करारात कवी नारायण वामन टिळकांनी वाचलं आणि त्यांच्या मनाने ठाव सोडला. 1895 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती धर्म स्वीकारला, घर दुभंगलं, पत्नी लक्ष्मीबाई कित्येक वर्षं वेगळ्या राहिल्या. श्रद्धेने संसाराला लगेच स्वस्थता येते असं कोणी सांगत असेल, तर टिळकांचं घर आठवावं.

मला टोचलं ते असं. वेदीपाशी दान घेऊन आलास आणि आठवलं, की भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे, तर दान तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. चूक कोणाची, हे येशू विचारतच नाही! मी सात वर्षं तेवढंच विचारत होतो.

तरी पाऊल उचलेना. ते उचललं आपल्या भागातल्याच एका बहिणीच्या आठवणीने. सिस्टर राणी मारिया, मूळच्या केरळच्या. देवास जिल्ह्यातल्या उदयनगरला त्या गरीब शेतकऱ्यांना सावकारी कर्जातून सोडवायला धडपडायच्या. 25 फेब्रुवारी 1995 ला इंदूरकडे येणाऱ्या बसमध्ये त्यांना भोसकलं. अंगावर 54 जखमा होत्या. पुढे 2017 मध्ये चर्चने इथे इंदुरातच त्यांना ‘धन्य’, म्हणजे संतपदाच्या आधीची पायरी, घोषित केलं. पण मला अडवते ती मधली गोष्ट. 2002 च्या ऑगस्टमध्ये त्यांची धाकटी बहीण सेल्मी पॉल इंदूरच्या तुरुंगात गेली आणि मारेकऱ्याच्या मनगटाला राखी बांधली. शिक्षा माफ होऊन 2006 मध्ये तो सुटला आणि केरळात त्यांच्या आईला भेटायला गेला. आईनेही त्याला क्षमा केली.

ती राखी बांधताना त्या बाईचा हात थरथरला नसेल? मला वाटतं, थरथरलाच असेल. आतला थरकाप थांबल्यावर मग क्षमा, असा क्रम असता तर ती तुरुंगापर्यंत पोहोचलीच नसती. आणि इथे मी, माळ्यासाठी अडून बसलेला.

एका रविवारी उपासना सुरू व्हायच्या आत मी उठलो. दान खिशातच होतं. रिक्षा केली. रस्ताभर प्रार्थना वगैरे काही सुचली नाही, दादा घरी नसला तर बरं, एवढंच मनात.

दादा घरीच होता. दार उघडून बराच वेळ बघत राहिला. ‘ये’ म्हणाला नाही. म्हणाला, “चप्पल आत काढ. बाहेर कुत्रं नेतं.”

वाटणीचा कागद आजही व्हायचाच आहे, माळ्याचं तर नावच काढू नका. बायकोची मात्र नवी तक्रार सुरू झाली आहे. म्हणते, तुम्ही फार घोरता.

नमस्कार.