पणजीचा पिनकोड

[दृश्य: पाटो पुलाजवळचं पणजीचं मुख्य टपाल कार्यालय. काउंटरवर शिक्का मारलेली पाकिटं.]

निवेदन:

४०३००१. पणजीच्या पत्त्याखाली ही संख्या आपण सवयीनं लिहितो आणि पाकीट पेटीत टाकतो. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला. ही पद्धत आखली श्रीराम भिकाजी वेलणकरांनी. टपाल खात्यातले वरिष्ठ अधिकारी, आणि संस्कृतचे कवीसुद्धा! गोव्याच्या वाट्याला पहिले तीन अंक आले, ४०३. म्हणजे १३ गुणिले ३१. एकीचे अंक उलटे केले की दुसरी.

आता गोव्याची गावं घेऊ, आणि कोणाचा पिनकोड मूळ संख्या आहे ते पाहू, म्हणजे १ आणि स्वतः सोडून कशानंही भाग न जाणारी. भाग गेला तर ती संयुक्त. वास्कोचा ४०३८०२ सम, त्याचा निकाल लगेच लागतो. फोंड्याचा ४०३४०१, अंकांची बेरीज १२, म्हणजे ३ ने भाग जातो. मडगावच्या ४०३६०१ ला ११ ने. म्हापशाचा ४०३५०७ मात्र जरा निरखून पाहण्यासारखा आहे. ४०३००० ला १३ ने भाग जाणारच. मागे उरले ५०७, आणि तेही १३ गुणिले ३९. हे चारही पिनकोड संयुक्त संख्या.

आणि पणजीचा?

[दृश्य: चौकटीच्या वहीत पेन्सिलीनं मांडलेले भागाकार.]

४०३००१ चं वर्गमूळ ६३४ च्या किंचित पुढे जातं. म्हणून ६३४ पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून पाहिलं की पुरे. त्या आहेत ११५. यंत्र हे क्षणात करतं, पण हातानं करण्यात जी उत्सुकता आहे ती त्यात नाही. २, ३, ५ तर नजरेनंच बाद होतात. १३ आणि ३१ ला बाकी उरते १. पुढे ४३९ पाशी श्वास रोखला जातो: ४३९ गुणिले ९१८ बरोबर ४०३००२. अवघ्या एकानं हुकलं! सगळ्यात शेवटी ६३१. भागाकार ६३८, बाकी ४२३.

एकाही संख्येनं भाग गेला नाही. पणजीचा पिनकोड मूळ संख्या आहे.

[दृश्य: पडद्यावर दोन चौरस, एक मोठा, एक लहान.]

४०३००१ ला ४ ने भागलं तर बाकी १ उरते. अशी प्रत्येक मूळ संख्या दोन वर्गांची बेरीज असते, आणि तीही एकाच प्रकारे. फ्रेंच गणिती फर्मा यानं १६४० मध्ये हे एका पत्रात लिहिलं. सिद्धता स्विस गणिती ऑयलरनं दिली, शंभराहून जास्त वर्षांनी. पणजीची जोडी अशी: ५६० चा वर्ग ३१३६००, २९९ चा वर्ग ८९४०१. बेरीज करून पाहा. दुसरी जोडी कितीही शोधलीत तरी सापडायची नाही.

मडगावच्या ४०३६०१ लाही ४ ने भागल्यावर बाकी १ च उरते. पण त्याच्या पोटात ११ आहे, तोही एकदाच, आणि ११ ला ४ ने भागलं की बाकी ३. तेवढ्यानं मडगावला अशी एकसुद्धा जोडी मिळत नाही.